सोळा पोती शॉट आणि एक पाटी

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.४०
मशीन आलं. गेटवरच्या वॉचमनने फोन करून पक्कं सांगितलं: ट्रक दोन, खोकी अकरा, सोबत कंपनीचा फिटर एक, आणि फिटर आल्या आल्या चहा मागतोय.
शॉट ब्लास्टिंगचं मशीन. स्टेनलेस स्टीलच्या प्लेटसाठी. मी याच्यासाठी दोन वर्षं भांडलो. म्हणजे दोन मीटिंगमध्ये मान हलवली. एका बाजूने रोलरवरून प्लेट आत जाते. आत सहा चाकं मोहरीएवढ्या पोलादी गोळ्या तिच्यावर फेकतात. त्या गोळ्या म्हणजे शॉट. खरचटलेली, डागाळलेली प्लेट दुसऱ्या बाजूने बाहेर येते ती एकसारखी, मंद रुपेरी. माझ्या कारकिर्दीचंही तसंच होणार आहे.

दुपारी ३
साहेबांनी बोलावलं. दुधाच्या टाक्या बनवणारं गिऱ्हाईक आहे. चोवीस प्लेटचा पहिला लॉट. २६ तारखेला त्यांचा तपासनीस येणार. लॉट पास झाला तर वर्षभराचं काम आपलं. साहेब म्हणाले, हे नीट झालं तर तुमच्या दारावरचं ते ‘प्रभारी’ काढून टाकू. आणि नाही झालं तर विभाग कोणाकडे द्यायचा ते मला बघावं लागेल.
शेवटचं वाक्य त्यांनी सवयीने जोडलं असावं.
चार वर्षं मी ‘प्रभारी विभागप्रमुख, फिनिशिंग’ आहे. आधीचे विभागप्रमुख रिटायर झाले तेव्हा आठवड्याभरासाठी म्हणून तो कागद चिकटपट्टीने लावला. कागद तोच आहे. चिकटपट्टी तीनदा बदलली.

संकल्प:
१) मशीनचं माहितीपुस्तक रोज पाच पानं वाचणार. एकूण पानं ११२.
२) घरी येण्याआधी पँटची दुमड झाडणार. जुन्या मशीनचे शॉट दुमडीत बसून घरी येतात आणि बायकोच्या पायाखाली सापडतात, अशी तिची चार वर्षांची तक्रार आहे.
३) सासऱ्यांशी वाद घालणार नाही.
ही नवी रोजनिशीही आजपासून नियमित. सगळं लेखी असावं. खुणेसाठी आत एक जाडसर गुलाबी कागद घातलाय. छान बसतो.

मंगळवार, ४ मार्च
माहितीपुस्तक: मुखपृष्ठ आणि प्रस्तावना. प्रस्तावना उत्तम आहे.
खरेदीवाला येऊन गेला. स्टेनलेसच्या शॉटचं मागणीपत्र तुमच्याकडून आलं नाही म्हणाला. मी म्हणालो, मागच्याच महिन्यात पाठवलंय, सहीसकट. तो म्हणाला, नाही मिळालं. मी म्हणालो, ड्रॉवर बघा. त्याचा ड्रॉवर मी पाहिलाय. त्यात एकदा त्याचाच चष्मा तीन आठवडे होता. माझ्या टेबलावर असं काही होत नाही. मी प्रत्येक कागद लगेच कामाला लावतो.
दुमड झाडायची राहिली.

शुक्रवार, ७ मार्च
सकाळी अकराला फिटरने सगळ्यांना प्रशिक्षण दिलं. हजेरीपत्रकावर पहिली सही माझी. मग मला तातडीने पाटी कोरणाऱ्याकडे जावं लागलं. विचार असा: ‘प्रभारी’ निघाल्यावर दार उघडंबोडकं दिसायला नको. कारखान्यातलाच स्टेनलेसचा एक टाकाऊ तुकडा घेतला, वीतभर रुंद. मजकूर: ‘विभागप्रमुख, फिनिशिंग’. कोरणाऱ्याने विचारलं, वर नाव काय टाकू. नाव कशाला? सगळ्यांना माहीत आहे.
परत आलो तेव्हा फिटर निघून गेला होता. ऑपरेटरबाईंना म्हणालो, थोडक्यात सांगा. बाई वीस वर्षं आमच्याकडे आहेत, जुनं मशीन त्याच चालवतात. त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, पहिलं म्हणजे, या मशीनमध्ये कधीही... तेवढ्यात कोरणाऱ्याचा फोन आला. स्वल्पविराम हवा की नको. मी म्हणालो, हवा. बाईंचं नंतर राहूनच गेलं.

सोमवार, १० मार्च
मशीन बसलं, वायरिंग झालं, चाकं फिरली. फक्त शॉट नाहीत. शॉटशिवाय हे मशीन म्हणजे मोठा पंखा.
खरेदीवाला पुन्हा आला. म्हणाला, साहेब, नवं मागणीपत्र भरून द्या, दोन मिनिटांचं काम आहे, मी आजच ऑर्डर टाकतो, धावपळ करून चोवीस तारखेपर्यंत आणवतो. पण दुसरं मागणीपत्र दिलं तर पहिलं दिलंच नव्हतं असा अर्थ निघतो. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. मी म्हणालो, पहिलं शोधा. तो म्हणाला, नसलेलं कसं शोधू? मी म्हणालो, पद्धतशीर.
माहितीपुस्तक: पान ४.

बुधवार, १२ मार्च. सकाळी १०
कल्पना सुचली. अशा कल्पना मला दाढी करतानाच सुचतात.
स्टोअरमध्ये जुन्या मशीनच्या शॉटची सोळा पोती पडून आहेत. साध्या पोलादाचे. त्यांनी आपण साध्या लोखंडाच्या प्लेट साफ करतो. तेच नव्यात घालायचे. शॉट म्हणजे गोळी. ती जाऊन आपटते. काम संपलं.

दुपारी १२
बाई अडून बसल्या. म्हणाल्या, साहेब, स्टेनलेसला स्टेनलेसचेच शॉट लागतात, फिटरने तीनदा सांगितलंय, साधे घातले तर प्लेट वाया जाईल. मी त्यांना शांतपणे समजावलं की गोल ते गोल आणि पोलाद ते पोलाद. गोळीला जात नसते आणि मी भेदभाव मानत नाही. बाई म्हणाल्या, माणसांत नाही मानत ते चांगलंच आहे हो, पण हे धातू आहेत. मग म्हणाल्या, लेखी द्या.
लगेच दिलं. ‘जुने शॉट नव्या मशीनमध्ये भरावेत.’ खाली सही, पद. सवयीने ‘प्रभारी’ लिहिलं गेलं ते खोडलं. बाईंनी चिठ्ठी चार घड्या घालून पर्समध्ये, आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवली. माझं अक्षर जपून ठेवावंसं वाटणारी माणसं अजून आहेत.

गुरुवार, १३ मार्च
सोळाच्या सोळा पोती आत गेली. पहिली चाचणी. आत गारा पडल्यासारखा आवाज. उद्घाटनाचा मान मी पाटीला दिला. कोणाला न सांगता रोलरवर ठेवली, रबरी पडद्यातून आत गेली आणि सव्वा मिनिटाने बाहेर आली. काय दिसत होती! ढगाआडच्या चांदण्यासारखी. अक्षरं अशी उठली होती की मलाच माझा आदर वाटला.
बाई म्हणाल्या, छान आहे, पण हात लावू नका, बोटं उमटतात. मी आधीच लावला होता.

शुक्रवार, १४ मार्च
सहा प्लेट झाल्या. साहेब येऊन बघून गेले. हातमोजा घालून प्लेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, दिसतंय तरी बरं. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती चार वर्षांत ऐकली नव्हती.
पाटी माझ्या दाराच्या आतल्या बाजूला टांगली. बाहेर अजून ‘प्रभारी’. आत मी खरा तोच.

रात्री जेवणाआधी
बायको शॉटवरून घसरता घसरता वाचली. म्हणाली, अहो, चार वर्षं सांगतेय, दाराबाहेर दुमड झाडा, एक दिवस माझं कंबरडं मोडेल आणि मग तुम्हीच करा स्वयंपाक. मी म्हणालो, संकल्प केलाय. ती म्हणाली, मग तो संकल्प झाडा.
सासरे गेल्या वर्षापासून आमच्याकडेच असतात. एकतीस वर्षं टाक्यांच्या कारखान्यात ब्लास्टर होते. डोक्यावर शिरस्त्राण, हातात शॉट मारायचा होज, म्हणजे जाड रबरी नळी. त्या आवाजाने कान गेले, म्हणून ते बोलतात ते शेजाऱ्यांनाही कळतं. त्यांनी फ्रिजवरचं फुलपाखराचं चुंबक काढलं आणि फरशीवरून फिरवलं. सगळे शॉट टपाटप जाऊन चिकटले. सासऱ्यांनी एक शॉट नखाने काढून डोळ्यांजवळ धरला. मग ओरडले, जावईबापू, हे कुठल्या मशीनचे? म्हटलं, नव्या. काय? नव्या! म्हणाले, ऐकू नीट आलं, पण बरं वाटलं नाही.
त्यांनी ते शॉट स्टीलच्या वाटीत टाकले, वर चमचाभर पाणी घातलं आणि वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. विचारलं, हे काय? म्हणाले, पेरलंय.
वय झालं की माणसाला काहीतरी विरंगुळा लागतोच. संकल्प ३ पाळला.

रविवार, १६ मार्च
वाटीतलं पाणी फिक्या चहासारखं झालंय. सासऱ्यांनी मला खांद्याला धरून नेऊन दाखवलं आणि म्हणाले, जावईबापू, उगवलं.
आमच्या इमारतीच्या पाण्यात दोष आहे. टाकी साफ करणाऱ्याला सांगितलं पाहिजे. उद्या फोन करणार.
माहितीपुस्तक: पान ४. पुन्हा वाचलं. एका वाचनात कळणारं पुस्तक नाही.

सोमवार, १७ मार्च
चोवीस प्लेट पूर्ण! मुदतीच्या नऊ दिवस आधी. एकामागे एक उभ्या, मध्ये लाकडी पट्ट्या. विभागप्रमुखाचं पहिलं भाषण डोक्यात तयार होतंय. सुरुवात नम्र ठेवणार.
पाटी मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतो. आज ‘वि’वर एक तपकिरी ठिपका दिसला. चहा उडाला असणार. माझ्या केबिनमध्ये चहा पिण्यावर बंदी जाहीर केली. मी सोडून.

बुधवार, १९ मार्च
ठिपके आता अकरा. ‘प्रमुख’ला जास्त. चहा एवढा उडत नाही. शिवाय चहा फक्त मीच पितो. हवेत काहीतरी आहे.
बाई सही घ्यायला आल्या आणि पाटीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, साहेब, याला काय झालं? मी म्हणालो, पोत येतोय. नैसर्गिक आहे. बाई म्हणाल्या, तसाच पोत प्लेटना येईल का हो? मी म्हणालो, आला तर छानच.
बाईंना हळूहळू दृष्टी येतेय.
जाताना म्हणाल्या, अजून आठवडा आहे, साहेब. जाणकार माणूस बोलावून आपण प्लेट ॲसिडने धुऊन घेऊ, वर बसलेले लोखंडाचे कण निघून जातात, कोणाला कळणारही नाही. मी ठामपणे नाही म्हणालो. परीक्षेच्या आधीच उत्तरपत्रिका धुणारा विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही.

रविवार, २३ मार्च
दुपारी जेवताना सासऱ्यांनी चमचा हातात घेऊन व्याख्यान दिलं. सगळ्या मजल्याने ऐकलं. सांगणं असं: स्टेनलेसवर साध्या लोखंडाचे शॉट मारले की लोखंडाचा चुरा तिच्या अंगात रुततो. डोळ्यांना दिसत नाही. प्लेट सुंदर दिसते. मग पाणी लागतं आणि तो चुरा गंजतो. गंजतं लोखंड आणि बदनाम होते स्टेनलेस. आमच्याकडे एकाने असं केलं होतं. विचारलं, मग त्याचं काय झालं? म्हणाले, त्याने चांगलं किराणा दुकान काढलं.
मी आमटी पुन्हा वाढून घेतली. 
बायको म्हणाली, अहो, बाबा म्हणतात ते एकदा साहेबांना विचारून तर बघा. मी म्हणालो, त्यांचा काळ होजचा होता. आता सहा चाकं आहेत. ती म्हणाली, चाकं सहा असोत की साठ, वाटी एकच आहे, ती बघा.
बघितली. तळाला तपकिरी कडं बसलंय. घासूनही निघत नाही. टाकीवाल्याला फोन करायचा राहिलाच.

मंगळवार, २५ मार्च
उद्याची तयारी. प्लेटभोवती चार पंखे लावले. बादल्या उचलून ठेवल्या. शेडमधला नळ मुख्य कॉकपासून बंद केला. फरशी कोरडी पुसायला सांगितली. पाण्याशी माझं काही वैर नाही. पण उगाच कशाला?
खरेदीवाल्याने हात धुवायला नळ सोडला आणि पाणी येईना, तर माझ्याकडे बघून हसला. का ते कळलं नाही.
भाषण पाठ. ‘हे यश माझ्या एकट्याचं नाही’ इथे थोडं थांबायचं.

बुधवार, २६ मार्च. सकाळी १०.१५
तपासनीस आला. लहानखुरा माणूस, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं होतं सूट असेल.

११.३०
चोवीसच्या चोवीस प्लेट बघितल्या. खडबडीतपणा मोजायचं छोटं यंत्र लावलं, आकडे लिहिले, मान डोलावली. म्हणाला, फिनिश एकसारखं आहे. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं, नम्रपणे.

११.४०
त्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. न्हाव्याकडे असते तशी, चाप दाबला की फवारा उडणारी.

१२
मी त्याला सांगितलं की आमच्याकडचं पाणी जड आहे. तो म्हणाला, पाणी मी माझं आणतो. सांगितलं की आज हवेत दमटपणा आहे. तो म्हणाला, चार पंखे आहेत की. सांगितलं की आमच्याकडचा चहा प्रसिद्ध आहे, आधी चहा घेऊ. तो म्हणाला, घेऊ, आणि बोलता बोलता तीन प्लेटवर फवारा मारून, वर ओलं कापड घालून मोकळा झाला. उद्या याच वेळेला कापड उचलायचं. एवढीच चाचणी. स्टेनलेसला चोवीस तासांत काही होत नसतं, म्हणाला, झालं तर ते तिचं नसतं.

संध्याकाळी ५.३०
सहज शेडकडे गेलो. हातात सहज कोरडा टॉवेल होता. प्लेटजवळ स्टूल टाकून बाई बसलेल्या. मी म्हणालो, बाई, घरी जा, दमलात. त्या म्हणाल्या, तपासनिसांनी सांगितलंय, कोणी हात लावायचा नाही, म्हणून साहेबांनी मला बसवलंय; रात्रपाळीचा वॉचमन आला की जाईन. मग टॉवेलकडे बघून म्हणाल्या, अंघोळीला निघालात का?
मी तोंड पुसलं आणि परत आलो.

गुरुवार, २७ मार्च. सकाळी ९
शांत आहे. भाषण खिशात, रोजनिशी बॅगेत. लेखी नोंदी ठेवणाऱ्या माणसाला भीती नसते.

दुपारी १
कापड उचललं. प्लेटला गोवर आला होता.
तपासनीस वाकला. एका ठिपक्यावर बोट घासलं आणि बोट साहेबांसमोर धरलं. तपकिरी. मी म्हणालो, पाणी. तो म्हणाला, पाणी माझं. मी म्हणालो, मग कापड. त्याने खिशातून तशाच कापडाचा कोरडा, पांढरा तुकडा काढून दाखवला. मी म्हणालो, मग प्लेट बनवणाऱ्यानेच... साहेब म्हणाले, पुरे.
तपासनिसाने विचारलं, शॉट कुठले वापरले? मला वाटलं कोणीतरी उत्तर देईल.  शेवटी बाई म्हणाल्या, साधे. जुन्या मशीनचे. साहेबांनी विचारलं, आणि स्टेनलेसचे कुठे आहेत? मी म्हणालो, खरेदी खात्याने मागवलेच नाहीत. खरेदीवाला म्हणाला, मागणीपत्र आलंच नाही, मी दोनदा जाऊन मागितलं. मी म्हणालो, आलं होतं, आणि मी हे लेखी सिद्ध करू शकतो, मी रोज नोंद ठेवतो.
सगळ्यांसमोर बॅग उघडली. रोजनिशी काढली. ४ मार्चचं पान शोधण्यासाठी जोरात उघडली.
गुलाबी कागद उडाला. चार पंख्यांनी त्याला आणखी थोडं नेलं आणि तो तपासनिसाच्या बुटाजवळ उताणा पडला. त्याने उचलला, फुंकर मारली, वाचला आणि दोन्ही हातांनी साहेबांना दिला. मागणीपत्र. स्टेनलेस शॉट, आठशे किलो. तारीख ११ फेब्रुवारी. सही माझी. अक्षर, कोणी काहीही म्हणो, सुरेख आहे.
खरेदीवाला म्हणाला, सापडलं. पद्धतशीर.
मग बाईंनी पर्समधली चेन उघडली. चार घड्या उलगडायला त्यांना खूप वेळ लागला.
साहेबांच्या हातात तोवर रोजनिशीही गेली होती. त्यांनी सासऱ्यांच्या व्याख्यानापर्यंत सगळी पानं चाळली, मोठ्याने मात्र एकच ओळ वाचली: गोळीला जात नसते. तपासनीस खोकला. मला वाटलं, निदान वाक्य तरी त्याला आवडलं असावं.
भाषण वापरलं नाही.

संध्याकाळी ७
घरी कोणाला काही सांगितलं नाही. सासऱ्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, एकदा वाटीकडे, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, जेवून घ्या.

शुक्रवार, २८ मार्च
तपासनिसाने सोमवारपर्यंत मुदत दिली. सोमवारी पुन्हा फवारा मारणार, मंगळवारी निकाल. बाई म्हणाल्या, प्लेट ॲसिडने धुतल्या तर वाचतील, पण प्रमाण चुकलं तर फिनिश जाईल, आणि प्रमाण माहीत असलेला माणूस आपल्याकडे नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुमच्या घरी फोन करू का?
म्हटलं, बायकोला ॲसिडमधलं काय कळतं?
दुपारी साहेबांची गाडी गेली आणि सासऱ्यांना घेऊन आली. पुढच्या सीटवर. मला त्या गाडीत चार वर्षांत कधी मागच्या सीटवरही बसवलं नाही. सासऱ्यांनी जाड हातमोजे घातले, चष्मा चढवला, बादल्यांचा वास घेतला आणि ओरडायला सुरुवात केली. आमच्या घरात ज्या आवाजाचा त्रास होतो तो शेडमध्ये अगदी बरोबर बसतो. सगळे धावत होते. मला प्लेटचे नंबर मोठ्याने वाचायचं काम दिलं. सासरे दर वेळी म्हणत, जरा मोठ्याने, जावईबापू, इथे लोकांना ऐकू येत नाही.

शनिवार, २९ मार्च
धुणं पूर्ण. ॲसिड, मग पाणी, मग पुन्हा पाणी. नळाचा कॉक मीच उघडला. योगदान लहान नसतं.
बाईंनी शेवटच्या टबात माझी पाटीही बुडवली. मी सांगितलं नव्हतं. ठिपके गेले. पुन्हा चांदणं. हा शुभशकुन समजायला हरकत नाही. साहेब रागावले खरे, पण रागावलेला माणूस शांत होतोच. शेवटी मशीनची कल्पना माझी, आणि सासरेही माझेच.

मंगळवार, १ एप्रिल. दुपारी १२
पास. चोवीसपैकी चोवीस. तपासनिसाने स्वतः सही करून सांगितलं. वर्षभराचं कामही मिळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सर्वांत जास्त वेळ.

१२.३०
साहेबांनी बोलावलंय. भाषण पुन्हा खिशात. ‘माझ्या एकट्याचं नाही’ या भागाला आता वजन आलंय.

दुपारी २
साहेब म्हणाले, तुमचं ‘प्रभारी’ काढतोय. मी उभा राहून आभार मानले. पहिलं वाक्य म्हणून झालं, तेव्हा ते म्हणाले, बसा. फक्त ‘प्रभारी’ नाही, सगळंच.
विभागप्रमुख बाई झाल्या.
पाटी नवी करायची गरज पडली नाही. तिच्यावर नाव नाही, फक्त पद. सुताराने चार मिनिटांत ती आतून काढून बाहेर लावली. एक स्क्रू वाकडा बसत होता, तो मी धरला. बाईंनी विचारलं, स्वल्पविराम कोणी घालायला लावला? मी म्हणालो, मी. म्हणाल्या, चांगला दिसतोय.
खरंच चांगला दिसतो.

संध्याकाळी ६
नवीन जबाबदारी: मशीनमध्ये सोळा पोती साधे शॉट आहेत. बरेचसे उपसून निघतील. उरलेले रोलरखाली, कोपऱ्यांत, पट्ट्यांच्या फटींत आहेत. एकही राहिला तरी पुढची प्लेट बिघडेल, म्हणून माणसाने आत जाऊन चुंबकाने वेचायचे. बाईंच्या हिशोबाने आठ दिवस. स्टेनलेसचे शॉट तीन आठवड्यांत येतील. मागणीपत्र खरेदीवाल्याने स्वतः माझ्या टेबलावरून हातोहात नेलं. तोवर वेळ आहे, म्हणून माहितीपुस्तक पुन्हा उघडलं. पान ४१, जाड चौकटीत: या मशीनमध्ये स्टेनलेसखेरीज कोणतेही शॉट घालू नयेत. छापणाऱ्यांनी हे प्रस्तावनेत घालायला हवं होतं. कंपनीला पत्र लिहिणार.
साहेबांनी सासऱ्यांना सल्लागार नेमलंय. उद्या सकाळी आठला मी मशीनमध्ये उतरायचं. ते बाहेर खुर्ची टाकून बसणार. मी दर तासाला वाटीभर वेचलेलं बाहेर द्यायचं, त्यांनी ते मोजायचं आणि शेवटच्या दिवशी आतली धूळ पाण्यात ठेवून काही उगवतं का बघायचं. फुलपाखराचं चुंबक बायकोने आत्ताच डब्याच्या पिशवीत टाकलं. दुमड नसलेली पँटही काढून ठेवली आहे.
मी आत असताना कोणी बटण दाबू नये म्हणून मशीनच्या दाराला सूचना लावायला बाईंनी सांगितलं. कोरा कागद शोधत होतो. ‘प्रभारी विभागप्रमुख’ची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: आत माणूस आहे.
चिकटपट्टी नवी लावली. आठच दिवसांचा प्रश्न आहे.